ड्रेडनॉटचं मॉडेल करतोय, डोलकाठी चिमणीच्या मागे कशी?

किल्ल्याजवळचा मास्तर:
नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. आमच्याकडे समुद्र नाही पण नववीच्या पोरांना जहाजांचं भारी वेड लागलंय, म्हणून यंदा विज्ञान प्रदर्शनाला एचएमएस ड्रेडनॉट या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं मॉडेल करायचं ठरलं. १:२०० स्केल धरलं, म्हणजे मूळचं १६० मीटरचं जहाज साधारण ८० सेंटिमीटरात बसतं. नवी पेठेतून जाड पुठ्ठा आणला, सांगाडा उभा झालाय. तोफांचं सगळं पोरांना पाठ आहे, १२ इंची १० तोफा, पाच बुरुजांत दोन-दोन, एका बाजूला एकदम ८ डागता यायच्या वगैरे. अडलंय ते भलतीकडेच. आराखड्यात पुढची तीन पायांची डोलकाठी पहिल्या चिमणीच्या मागे आहे आणि तिच्याच डोक्यावर निशाणा बघणाऱ्यांची माची. जहाज पुढे पळालं की धूर सरळ त्या माणसांच्या तोंडावर येणार ना? हा प्रश्न वर्गातल्या एका मुलीने काढला. आराखडा चुकलाय का खरंच असंच होतं?

चाटी गल्ली:
आराखडा बरोबर आहे सर, तसंच चिकटवा. आणि त्या मुलीला शाबासकी द्या, कारण तिने नेमकी या जहाजाची दुखरी जागा पकडलीय.

आधीच्या युद्धनौकांवर १२ इंची चारच तोफा असायच्या आणि बाकी ६ इंची, ९.२ इंची असा मिसळीचा कारभार. लांबून मारा करताना गोळा पाण्यात पडला की जो फवारा उडतो तो बघून अंतर कमी-जास्त करायचं, पण वेगवेगळ्या मापाच्या तोफा एकदम चालल्या तर कुठला फवारा कुठल्या तोफेचा हेच कळायचं नाही. म्हणून ब्रिटिश नौदलाचा प्रमुख अ‍ॅडमिरल फिशरने सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या घेतल्या. म्हणजे अख्ख्या जहाजाचा भरवसा कुणावर, तर वर बसून फवारे बघणाऱ्यांवर. आणि त्यांनाच धुरात बसवलं!

कारण काय, तर होड्या. जहाजावरच्या मोठ्या होड्या उचलून पाण्यात सोडायला लांब दांड्याची यारी (क्रेन) लागते आणि ती टांगायला डोलकाठी तिथे सोयीची पडत होती. १९०६ साली जहाज पाण्यात उतरलं, पुढच्या बेलेरोफॉन वर्गातल्या युद्धनौकांवर डोलकाठी चिमणीच्या पुढे आणली, पण मागच्या डोलकाठीला पुढच्या चिमणीचा धूर लागायचा तो लागायचाच. मला खरा राग येतो तो याचा, की एवढं कळूनही कोलोसस आणि हर्क्युलिस या नंतरच्या युद्धनौकांवर परत जुनीच मांडणी केली, आणि लायन या बॅटलक्रूझरवर (मोठ्या तोफांच्या पण जास्त वेगवान युद्धनौकेवर) तर चाचणीत वरची जागा इतकी तापली की १९१२ मध्ये डोलकाठी आणि चिमणी दोन्हींची जागा बदलायला लागली.

बॉयलरवाला:
मी गिरणीच्या बॉयलरवर नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून धुराबद्दल बोलतो. धूर सारखा नसतो ओ सर. विस्तव चांगला पेटलेला असला की चिमणीतून जवळजवळ काही दिसत नाही पण गरम हवेचा लोट असतोच, आणि नवीन कोळसा टाकला की काळाकुट्ट लोळ निघतो. आमच्याकडे वारा फिरला की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काळ्या व्हायच्या, तसंच त्या माचीवरच्यांचं. पोरांना हे सांगा की नुसत्या काळ्या धुराने दिसायचं बंद होत नाही, गरम हवेतून बघितलं की समोरचं सगळं हलतं, मग दुर्बिणीतून अंतर काय मोजणार. आणि लढाईत तर पूर्ण वेगाने पळायचं म्हणजे जास्तीत जास्त कोळसा जाळायचा, म्हणजे बघायची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच धूर सगळ्यात जास्त. ड्रेडनॉटवर टर्बाइन (वाफेने फिरणारं पात्यांचं चाक) होतं, २१ नॉट म्हणजे ताशी साधारण ३९ किलोमीटर वेग, त्यामुळे इंजिनाची धडधड कमी झाली पण टर्बाइनलासुद्धा वाफ लागतेच, आणि वाफेला विस्तव. पुढे क्वीन एलिझाबेथ वर्गातल्या युद्धनौकांवर तेलावरचे बॉयलर आले तेव्हा कुठे कोळशाचा जाच संपला.

खोल पाणी:
धुराचा विषय निघालाच आहे तर पाणबुडीचं पण सांगतो. जर्मन पाणबुडी यू-९ ने २२ सप्टेंबर १९१४ ला अबूकर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर (मध्यम आकाराच्या युद्धनौका) दीड तासाच्या आसपास बुडवल्या, १,४०० हून जास्त माणसं गेली. त्या यू-९ मध्ये डिझेल नव्हतं, रॉकेलवर चालणारी कोर्टिंग इंजिनं होती, त्यांचा पांढरा धूर लांबून दिसायचा. लपायसाठी बनवलेलं जहाज आणि डोक्यावर धुराचा झेंडा, म्हणून यू-१९ पासून जर्मनांनी डिझेल घेतलं. यू-९ चा कप्तान ओटो वेडिगेन पुढे यू-२९ वर गेला आणि १८ मार्च १९१५ ला त्या पाणबुडीला धडक देऊन बुडवली ती तुमच्या याच ड्रेडनॉटने! एवढ्या तोफा घेऊन निघालेल्या जहाजाने शत्रूचं बुडवलेलं एकच जहाज, ते पण धडक देऊन.

विमानांचं तर विचारूच नका. विमानं उतरवण्यासाठी बदललेल्या ब्रिटिश फ्युरियस जहाजावर मधोमध चिमणी आणि मनोरा तसाच ठेवून मागे उतरायची फळी बांधली, पण चिमणीच्या गरम वाऱ्याने आणि मनोऱ्यामागच्या भोवऱ्यांनी विमानं डगमगायची, उतरणं जवळजवळ अशक्य. शेवटी १९१८ च्या आर्गसवर चिमणीच काढून टाकली, धूर डेकच्या खालून नळांनी थेट मागे नेऊन सोडला. सपाट डेकचं पहिलं विमानवाहू जहाज ते.

किल्ल्याजवळचा मास्तर:
वा, पोरं खूश होतील. प्रदर्शनात मॉडेलशेजारी धुराचाच तक्ता लावावा म्हणतो. आपल्याकडच्या समुद्रातलं काही आहे का यात घालण्यासारखं?

चाटी गल्ली:
एमडन घ्या सर. ज्या दिवशी यू-९ ने तिन्ही क्रूझर बुडवल्या त्याच रात्री या जर्मन क्रूझरने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. तिला चिमण्या तीन, पण ब्रिटिश क्रूझर यार्मथसारखी दिसावी म्हणून चौथी खोटी उभी केली होती आणि त्या वेषात पेनांगच्या बंदरात शिरून २८ ऑक्टोबरला रशियन क्रूझर झेमचुग बुडवली. तेव्हा लांबून जहाज ओळखायचं ते बरंचसं चिमण्या मोजूनच. तक्त्यावर तीन चिमण्यांचं आणि चार चिमण्यांचं अशी दोन चित्रं शेजारी-शेजारी काढायला लावा, चौथी पुठ्ठ्याची काढता-घालता येईल अशी करा.