आयती कमांड देऊन मोकळं होऊ नका

मुठाकाठ (धागाकर्ता)

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. तेव्हापासून ओळखीपाळखीतून एकच विचारणा होते: लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून देता का? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याआधीचे लॅपटॉप धडधाकट आहेत, भंगारात घालायचं काहीच कारण नाही. मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं की ते अजून काही वर्षं मजेत चालतात, आणि पुण्यात असे लॅपटॉप घरोघरी आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. भांडण आहे ते त्यानंतर आपण जी मदत करतो तिच्याशी.

कोणी विचारतं, स्क्रीन काळी येते. लगेच उत्तर येतं: ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मेनूत) 'नोमोडसेट' टाक. स्क्रीन येते, आभार मानले जातात, विषय संपतो. काही महिन्यांनी तोच माणूस सांगत फिरतो की लिनक्सवर व्हिडिओ अडकतो, पंखा भणभणतो, दुसरा मॉनिटर चालत नाही. का नाही चालणार? 'नोमोडसेट' असेल तर ग्राफिक्स चिपचा नेहमीचा ड्रायव्हर कामालाच लागत नाही, सगळी चित्रं प्रोसेसरला रंगवावी लागतात. एकदा आत शिरून योग्य ड्रायव्हर बसवायचा, एवढ्यापुरताच तो पर्याय असतो. "काम झालं की काढून टाक" ही अर्धी ओळ कोणी लिहिलीच नाही, म्हणून एक चांगलं मशीन कायमचं अधू झालं आणि दोष लिनक्सला लागला.

घड्याळाचंही तसंच. विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवलं की वेळ चुकते, आणि चुकते ती बरोब्बर साडेपाच तासांनी. त्या साडेपाचातच कारण आहे: मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज आपली स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागची जागतिक वेळ, आहे असं धरून चालतं. हे कळलं की दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवायची, बस्स. ज्यांना फक्त "वेळ हाताने दुरुस्त कर" असं सांगितलं जातं ते दर रीस्टार्टला दुरुस्त करत बसतात.

म्हणून माझी मागणी अशी. मदत मागणाऱ्याने डिस्ट्रो (लिनक्सचा कोणता प्रकार), तिची आवृत्ती, बिघाडाआधी काय बदललं आणि 'जर्नलसीटीएल'मधल्या (सिस्टिमच्या नोंदींतल्या, म्हणजे लॉगमधल्या) लाल ओळी एवढं द्यावं. आणि देणाऱ्याने प्रत्येक कमांडसोबत दोन गोष्टी लिहाव्यात: ती काय करते, आणि उलटवायची कशी. हे लिहायचं नसेल तर उत्तर देऊच नये.

---

अभ्यासिका_पेठ

असहमत, काका.

मी सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतो. लॅपटॉप एकच आहे, तोही जुना. मिंट टाकल्यावर वायफाय दिसेना आणि परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. विचारलं तर उत्तर आलं: आधी 'एलएसपीसीआय'चं (हार्डवेअरची यादी देणाऱ्या कमांडचं) आउटपुट टाका, कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठला ते सांगा, मग बोलू. नेटच नाही तर टाकू कसं? फोनवरून फोटो काढून पाठवला तर म्हणे फोटो नको, मजकूर द्या.

मग एका दादाने एक ओळ लिहिली. फोन यूएसबीने जोड, टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू कर, ड्रायव्हर मॅनेजर उघड, तिथे येईल तो ड्रायव्हर टाक. अर्ध्या तासात फॉर्म भरून झाला. त्या दादाने कारण सांगितलं नाही, आणि त्या संध्याकाळी मला ते नकोही होतं. तुमच्या नियमाने त्याने उत्तरच द्यायला नको होतं.

लिनक्स शिकणं हा ज्यांचा छंद किंवा धंदा आहे त्यांच्यासाठी तुमचा नियम ठीक. मला इतिहास, पॉलिटी आणि चालू घडामोडी वाचायच्या आहेत.

---

रॅक_सर्व्हर

धागाकर्त्याशी सहमत, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की नवख्याला आयती कमांड देणं धोक्याचं आहे. हिंजवडीत सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे, तिथे न समजलेली ओळ कोणी चालवत नाही. घरच्या मशीनवर का चालवावी?

नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमिंगचं ॲप टाकताना अख्खा डेस्कटॉप उडवला. एपीटीने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामने) आधी बजावलं होतं की महत्त्वाची पॅकेजेस जाणार आहेत, खात्री असेल तर "येस, डू ॲज आय से!" असं टाइप करा. त्याने केलं. चूक पॅकेजिंगची होती हे खरं, पण वर आलेला इशारा वाचायची सवय असती तर तो तिथेच थांबला असता.

मार्च २०२४ मध्ये केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या स्टोअरमधली एक ग्लोबल थीम बसवली आणि एका माणसाच्या सगळ्या फायली पुसल्या गेल्या. थीम म्हणजे नुसते रंग आणि आयकॉन नसतात, तिच्यासोबत कोड येतो आणि तो तुमच्याच अधिकारांनिशी चालतो. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये (वापरकर्तेच पॅकेजेस टाकतात त्या साठ्यात) फायरफॉक्सचे पॅच असल्याचा आव आणून ट्रोजन (लपलेला घातक प्रोग्राम) घातलेली पॅकेजेस सापडली. दोन दिवसांत काढली, पण ज्यांनी तेवढ्यात टाकली त्यांचं काय?

नवख्याने पहिलं वर्षभर थीम, एक्स्टेन्शन, डॉक (ॲपच्या आयकॉनची पट्टी) यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ग्नोम या डेस्कटॉपचं ४५ आलं तेव्हा आतली रचना बदलली आणि जुनं एकही एक्स्टेन्शन दुरुस्तीशिवाय चालेना. ज्याला ती का बंद पडली हेच कळत नाही त्याने त्यांवर आपलं रोजचं काम उभारू नये.

---

काना_मात्रा

रॅक_सर्व्हर, तुमची उदाहरणं खरी आहेत, निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही.

मी मुद्रितशोधन आणि मांडणीचं काम करते, बरीच वर्षं लिनक्सवर. नवं लिनक्स टाकलं की देवनागरी अक्षरं दिसतात, पण बऱ्याचदा ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते खुपतं. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरंही आतच असतात, फक्त "हा मजकूर मराठी आहे" हे सिस्टिमला सांगावं लागतं. त्यासाठी मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) लावायचं, फॉन्टकॉन्फिगच्या (फॉन्ट निवडणाऱ्या यंत्रणेच्या) फायलीत मराठीसाठी आपला आवडता फॉन्ट वर आणायचा. टायपिंगसाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे प्रोग्राम, त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड. 'वाऱ्यावर' मधला अर्धा र हवा असेल तर शिफ्ट दाबून जे, मग हलन्त, मग य.

याला तुम्ही कस्टमायझेशन म्हणाल आणि वर्षभर थांबा म्हणाल. माझ्यासाठी ती पहिल्या दिवसाची गरज आहे. ज्या मशीनवर आपली भाषा आपल्यासारखी दिसत नाही ते मशीन कोणी मनापासून का वापरावं?

आणि हे मी लोकांना आयतंच देते. माझी फॉन्टकॉन्फिगची फाइल तयार आहे, मागेल त्याला पाठवते. ती फाइल ज्यात लिहिली आहे ते एक्सएमएल म्हणजे काय हे मांडणी करणाऱ्या माणसाला मी आधी शिकवत बसले तर तो परत जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टकडे जाईल, आणि मग त्याचा मजकूर ना शोधता येणार ना दुसरीकडे चिकटवता येणार. लोहितचे फॉन्टही आपल्यापर्यंत आयतेच आले की. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आधी लोहित मराठी वेगळा होता, पुढे तो लोहित देवनागरीत सामावला. त्यांनी आपल्याला कधी विचारलं नाही की ओपनटाइपचे (फॉन्टमधल्या अक्षरजोडणीचे) नियम येतात का.

---

मांजरीचा_रहिवासी

मला यातलं सगळंच थोडंथोडं पटतंय, पण एक आठवण द्यावीशी वाटते. प्लगच्या, म्हणजे पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठकांत हा प्रश्न एवढा टोकाचा होत नसे. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नूनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, २०११ ला सीओईपीत आणि २०१५ ला एमआयटीत फेडोरा लिनक्सवाल्यांचं फडकॉन हे संमेलन झालं. तिथे मदत करणारा शेजारी खुर्ची ओढून बसायचा. तो कमांड टाइप करताना बोलायचा, आपण बघायचो. उत्तर आणि कारण वेगळं मागावं लागायचं नाही. फोनवरच्या ग्रुपमध्ये ते शेजारचं बसणं गेलं, एवढंच उरलं: हे टाक.

---

अभ्यासिका_पेठ

शेजारी बसायला कोण येणार? आमच्या अभ्यासिकेतली निम्मी मुलं बीड, लातूर, नांदेडची. पुण्यात ओळख म्हणजे मेसवाले काका आणि रूमपार्टनर.

---

स्नॅपड्रॅगन

२०२६ मध्ये हा वाद कशाला? एआयला विचारा. तो चिडत नाही, आउटपुटचा फोटोही वाचतो, मराठीत कारणही सांगतो, रात्री दोनला सुद्धा.

---

मुठाकाठ

स्नॅपड्रॅगन, लॉगमधली एखादी ओळ काय म्हणते हे समजून घ्यायला तो खरंच उपयोगी आहे, मीही वापरतो. पण अडचण तीच आहे. त्याला तुमचं मशीन दिसत नाही. मिंट ज्यावर बेतलंय त्या उबुंटूच्या जुन्या आवृत्तीची कमांड तो नव्या मिंटसाठी तितक्याच ठामपणे देतो, पीपीए (बाहेरचा सॉफ्टवेअर साठा) जोडायला सांगतो, आणि पुढच्या अपग्रेडला त्या पीपीएमुळे गाठी पडतात तेव्हा तो तिथे नसतो. तिथे पुन्हा माणूसच लागतो, आणि तो माणूस आधी हेच विचारतो की काय काय टाकलं होतंस.

आणखी एक. लॉग कुठेही चिकटवण्याआधी त्यात तुमचं युजरनेम, मशीनचं नाव, नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता असतो. तेवढं पुसून मगच द्या, माणसाला असो की एआयला.

काना_मात्रा, तुमची फाइल मी पाहिलेली नाही, पण माझी खात्री आहे की तुम्ही ती पाठवताना ती कुठे ठेवायची आणि नको असेल तर काय पुसायचं हे सांगत असणार. तेवढंच तर मी मागतो आहे. एक्सएमएल शिकवा असं मी कुठे म्हटलं?

अभ्यासिका_पेठ, फॉर्म आधी, बाकी नंतर, हे मान्य. नेट नसलेल्या माणसाकडे मजकूर मागणं चुकीचंच. टेदरिंगचं उत्तर मला आवडलं कारण त्याने सिस्टिममध्ये काहीच बदललं नाही. पण ड्रायव्हरचं काय? रीस्टार्ट केल्यावर वायफाय आलं का?

---

अभ्यासिका_पेठ

नाही आलं. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठेवायला सांगितला होता. रीस्टार्टला निळी स्क्रीन आली, त्यात चार पर्याय, सगळं इंग्रजीत. मी पहिलाच 'कंटिन्यू बूट' निवडला, कोणीही निवडेल. वायफाय काही आलं नाही.

नंतर कळलं की सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू असलं की बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरची सही मशीनला मान्य करून घ्यावी लागते. त्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. आता विचार करा, मला त्या वेळी सहीचं सगळं शास्त्र सांगून काय झालं असतं? मला एवढंच हवं होतं: "रीस्टार्टला निळी स्क्रीन येईल, दुसरा पर्याय निवड, पासवर्ड टाक." म्हणजे कारण नको, पुढे काय दिसेल ते सांगा. तुमच्या नियमात कमांड काय करते आणि कशी उलटवायची हे आहे, हे मात्र नाही. माझ्यासारख्याला सगळ्यात आधी तेच लागतं.

---

काना_मात्रा

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. माझ्या फाइलसोबत मी स्क्रीनशॉट देते: आधीचा ल, नंतरचा ल. लोक तो बघून स्वतःच ओळखतात की जमलं की नाही. न जमल्यास मला नेमकं सांगतात, तेव्हा लॉग मागायची वेळच येत नाही.

---

रॅक_सर्व्हर

पुढे काय दिसेल हे सांगायला देणाऱ्याला ते स्वतः माहीत असावं लागतं, आणि ते माहीत असायला कारण समजलेलं असावं लागतं. म्हणजे माझ्या मते आपण धागाकर्त्याच्याच बाजूला आलो.

---

अभ्यासिका_पेठ

नाही आलो. देणाऱ्याला कारण माहीत असावं, यावर माझा कधीच आक्षेप नव्हता. आक्षेप "नाहीतर उत्तरच देऊ नये" यावर आहे. त्या दादाला निळ्या स्क्रीनचं माहीत नसेल कदाचित. तरी त्याने जेवढं येत होतं तेवढं दिलं, आणि माझं वर्ष वाचलं. तुमचा नियम लावलात तर असे दादा गप्प बसतील आणि ज्यांना सगळं येतं ते रात्री अकराला जागे नसतील.

---

मुठाकाठ

"उत्तर देऊच नये" हे मागे घेतो, मांडणी तेवढी कडक नको होती. पण "कशी उलटवायची" यावर मी ठाम आहे. न येणाऱ्यानेही "याच्या पुढचं मला माहीत नाही" एवढं लिहावं. म्हणजे वाचणारा तिथे थांबून दुसऱ्याला विचारेल.

---

रॅक_सर्व्हर

उलटवण्याचं निघालंच आहे तर एक सांगून ठेवतो, कारण यात बरेच जण फसतात. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं ॲप येतं. कोणाचीही कमांड चालवण्याआधी त्यात स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) घ्या, सिस्टिम बिघडली तर मागे जाता येतं. मात्र टाइमशिफ्ट फक्त सिस्टिमच्या फायली धरतं, तुमचं होम फोल्डर मुद्दाम चालू केल्याशिवाय त्यात येत नाही. वर सांगितलेल्या थीमसारखं काही झालं तर नोट्स आणि फोटो टाइमशिफ्टमधून परत मिळणार नाहीत. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. ती थीम चालली तेव्हा जोडलेल्या इतर ड्राइव्हवरच्या फायलीही गेल्या होत्या.