रिसाल्याच्या फोटोतली 'लुंगी': मराठीत काय लिहावं?

जुनेफोटो: १९२० च्या दशकातल्या एका घोडदळाच्या समूहफोटोची माहिती मराठीत लिहितेय. मागच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी इंग्रजीत टिपलंय, 'ब्ल्यू लुंगी, रेड कुल्ला'. फोटोत सगळे ब्रीचेस आणि पायपट्ट्यांत आहेत, म्हणजे लुंगी डोक्यावरची हे उघड आहे. पण लिहू काय? फेटा, साफा, पागोटं? आणि 'कुल्ला' तर मराठीत छापताच येणार नाही.

शुद्धलेखणी: 'शिरोवेष्टन' आणि 'टोपी'. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? आपल्याकडे शब्द असताना उसने कशाला?

मोडीवाचक: शिरोवेष्टनात मुंडाशापासून मंदिलापर्यंत सगळंच येतं, वाचकाला काय दिसणार? लुंगीच ठेवा. फारसी 'लुंग' म्हणजे गुंडाळायचं कापड, ते कुठे गुंडाळायचं हे शब्दात नाही. पेशावरी लुंगी डोक्यालाच बांधतात. सरहद्दीवरच्या टोळीप्रमुखांना इंग्रज सरकार मानाचा तनखा देई, त्यालाही लुंगीच म्हणत. कुल्ल्याचं मूळ 'कुलाह', शंकूसारखी टोपी. 'कुलाह' लिहा, भलता अर्थ टळेल.

ग्वाल्हेरकरीण: आमच्या घरात पणजोबांच्या फौजी फोटोतल्या कापडाला कायम साफाच म्हणतात. घरातल्या बायकांनी तो धुतला, कांजी केली, घड्या घातल्या. त्यांचा शब्द कोशात नसला तरी मला तोच खरा वाटतो.

शुद्धलेखणी: घरगुती सवय म्हणजे प्रमाण नव्हे.

मोडीवाचक: मग रिसाला, दफेदार, जमादार, शिलेदार हेही काढा! शिलेदार म्हणजे सिलाह (शस्त्र) अधिक दार. 'शील'शी त्याचं नातं जोडणारे लोक मला अजून भेटतात.

पागा: शिलेदार निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. इंग्रजांनी ही पद्धत उचलली, पण बदलून. स्वार भरती होताना रक्कम भरायचा आणि घोडा-सामान रेजिमेंट पुरवायची. पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई अशा व्यवस्थेतून होईना, म्हणून ती मोडली. १९२१-२२ च्या फेररचनेत घोडदळाच्या ३९ रेजिमेंटांच्या २१ झाल्या. तुमच्या फोटोला याचा उपयोग आहे. खांद्यावरचा पितळी आकडा भिंगाखाली पाहा. ३३ वी आणि ३४ वी मिळून १७ वी पूना हॉर्स झाली. ३४ दिसला तर घडण जुनी, १७ दिसला तर नवी. मात्र नाव पूना म्हणून त्यात मराठे शोधू नका. त्या काळात तिथे राठोड राजपूत, जाट आणि कायमखानी होते.

जुनेफोटो: आकडा पुसट आहे. खुर्चीवरच्या एकाच्या खांद्यावर दोन तारे, शेजारच्याच्या एक. छातीवर तीन फिती. पण लुंगी 'निळी' लिहिलीय आणि फोटोत ती जवळपास पांढरी दिसते!

पागा: दोन तारे म्हणजे रिसालदार, एक म्हणजे जमादार. रंगावरून पुठ्ठ्याला खोटं ठरवू नका. त्या काळच्या फोटोच्या बऱ्याच काचा (नेगेटिव्ह) आणि फिल्म निळ्याला फार संवेदनशील, लालला जवळजवळ आंधळ्या. निळं फिकट पडतं, लाल काळवंडतं. स्किनर्स हॉर्स या घोडदळ रेजिमेंटचा प्रसिद्ध पिवळा पोशाखही जुन्या फोटोंत गडद दिसतो. फितींत पहिलीवर बारीक चांदीचं फूल आहे का बघा. '१९१४ स्टार' आणि '१९१४-१५ स्टार' या दोन्ही युद्धपदकांची फीत एकच, पण फूल असलं तर तो माणूस १९१४ च्या नोव्हेंबरपर्यंत फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर होता.

शुद्धलेखणी: 'पदकफीत' लिहा, नुसती 'फीत' म्हणजे बुटाची वाटते.

मोडीवाचक: इथे तुमचं पटलं.

ग्वाल्हेरकरीण: पाठीवर सुटलेल्या टोकाला तुम्ही सगळे काय म्हणता? आमच्याकडे शेमला.

शुद्धलेखणी: सोगा. दुसरा शब्दच नको.

मोडीवाचक: सोगा धोतराचाही असतो, पदराचाही. शेमला फक्त डोक्यावरच्याचा. आणि वर ताठ उभं राहतं तो तुरा, हे तिसरंच. फोटोत दोन्ही दिसतात का?

जुनेफोटो: रिसालदाराच्या डोक्यावर दोन्ही आहेत. जमिनीवर बसलेल्या स्वारांचं फक्त टोक मागे सुटलंय.