प्रतिसाद: दोष ब्लॉकचा की खालच्या थराचा?

‘सच्छिद्र पेव्हर (पावसाचं पाणी सांध्यांतून खाली जिरू देणारे फरशीचे ब्लॉक) दोन पावसाळ्यांत तुंबतात, पैसे पाण्यात’ हे इथल्या चर्चेतलं म्हणणं मला अर्धंच पटतं. तुंबतात खरे, पण गाळ सहसा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच अडकतो. सांध्यांतली बारीक खडी व्हॅक्यूमने ओढून काढली आणि नवी भरली की पाणी पुन्हा उतरायला लागतं.

ब्लॉकखालच्या थराबद्दल मात्र इथे कुणी बोललंच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. एकाच मापाची, धुतलेली खडी घातली तर तिच्यात सुमारे ४० टक्के पोकळी राहते. म्हणजे ३० सेंमी जाडीच्या थरात साधारण १२ सेंमी पाऊस मावतो. मी पाहिलेल्या एका कामावर वर महागडे सच्छिद्र ब्लॉक, खाली नेहमीसारखा रोलरने दाबलेला मुरूम आणि सांध्यांत चाळलेली वाळू! पहिल्याच मोठ्या सरीत फटींतून बुडबुडे आले आणि पाणी वरच साचून राहिलं. शिव्या अर्थातच ब्लॉकला. खालची जमीन चिकणमातीची असेल तर पाणी मुरत नाही, म्हणून ते बाहेर काढायला खडीच्या तळाशी छिद्रं पाडलेला पाइपही टाकावा लागतो. आणि शेजारच्या वाफ्याचा उतार फरशीकडे अजिबात नको, नाहीतर माती वाहून येणारच.