इतिहास विभागाचे व्यासपीठ: पाहुण्या वक्त्यांचे की विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे?

मूळ मत

महाविद्यालयांतील इतिहास विभागांचे वर्षभराचे कार्यक्रम पाहिले, तर एक ठरलेला साचा दिसतो. बाहेरून नामवंत वक्ता येतो, तासभर बोलतो, विद्यार्थी मागच्या रांगांत बसून ऐकतात आणि वार्षिक अहवालात त्याची एक ओळ होते. त्याच विभागातले पदवीचे विद्यार्थी मात्र सहा-सहा महिने खपून प्रकल्प लिहितात; तो मार्गदर्शक वाचतो, परीक्षक वाचतो, गुण पडतात आणि प्रत कपाटात जाते. माझे मत असे की, विभागाच्या जाहीर कार्यक्रमांपैकी निदान निम्मे विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी राखून ठेवावेत, आणि ज्यांच्या परिसराविषयी किंवा व्यवसायाविषयी ते संशोधन आहे, त्या लोकांना श्रोते म्हणून आवर्जून बोलवावे.

विद्यार्थ्यांना सभाधीटपणा यावा, एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. परीक्षकासाठी लिहिलेली तळटीप आणि जाणत्या श्रोत्यासमोर पेलावी लागणारी तळटीप यांत फार अंतर असते. एखाद्या कारखान्यातील संपावर निबंध लिहिणारा विद्यार्थी त्या संपात उतरलेल्या कामगारासमोर उभा राहतो, तेव्हा ‘असे म्हटले जाते’ या शब्दांच्या आड त्याला लपता येत नाही.

पदवीच्या विद्यार्थ्यांच्या कामात दम नसतो, हेही मला मान्य नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 2007 साली इतिहासाचे प्राध्यापक स्वेन बेकर्ट यांनी चार पदवी-विद्यार्थ्यांना घेऊन एक छोटा अभ्यासवर्ग चालवला. विद्यापीठाचा गुलामगिरीशी संबंध काय होता, एवढाच त्याचा विषय होता. त्यातून 2011 साली एक पुस्तिका निघाली आणि पुढे 2022 साली विद्यापीठानेच अधिकृत अहवाल प्रसिद्ध करून 10 कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. पश्चिम जर्मनीतील पासाऊ येथे आना रोस्मुस ही विद्यार्थिनी 1980-81 साली एका राष्ट्रीय निबंधस्पर्धेसाठी आपल्या गावाच्या नाझी काळातील दैनंदिन जीवनाचा शोध घेऊ लागली. जुनी दप्तरे पाहण्यासाठी तिला न्यायालयापर्यंत जावे लागले. ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात इतिहासकार राफाएल सॅम्युएल यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जे अभ्यासमेळावे सुरू केले, त्यांत निबंध वाचणाऱ्यांत रेल्वेत, खाणीत किंवा कारखान्यात काम करून शिकायला आलेले प्रौढ विद्यार्थी होते. 1976 साली निघालेले ‘हिस्टरी वर्कशॉप’ हे नियतकालिक त्याच चळवळीतून आले. या तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांना व्यासपीठ नाकारले असते, तर काय हरवले असते, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद 1 (निवृत्त अध्यापक)

मी अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवला आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्पही तपासले. मूळ मत मांडणाऱ्यांची तळमळ मला समजते, पण त्यांचा निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन इतिहासकार लेओपोल्ड फॉन रांके यांनी बर्लिनमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना साधनचिकित्सा, म्हणजे मूळ साधने पारखून घेण्याची रीत, शिकवली ती सभागृहात नव्हे. ते आपल्या घरी निवडक विद्यार्थ्यांना बोलावत, मध्ययुगीन साधने समोर ठेवत आणि ओळ न् ओळ तपासून घेत. त्या बैठकांतून गेऑर्ग वाइट्झ आणि हाइनरिश फॉन झिबेल यांच्यासारखे इतिहासकार घडले. बंद दाराआड चूक करण्याची मुभा होती, म्हणून ते शिक्षण झाले. रोस्मुस यांचेही उदाहरण नीट पाहावे. स्पर्धेच्या निबंधाने सुरुवात झाली हे खरे, पण त्यांचे पुस्तक 1983 साली आले. मधला काळ दप्तरे मिळवण्यात आणि वाचण्यात गेला. आपण ज्या व्यासपीठाची शिफारस करता, ते एवढी वाट पाहत नाही.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थिनी एका जुन्या शाळेच्या प्रवेशनोंदवह्यांवर काम करत होती. चौथीनंतर मुलींची नावे एकाएकी नाहीशी होतात, हे तिने मेहनतीने दाखवले आणि त्यावरून मुलींच्या शिक्षणाला घरून विरोध होता, असा निष्कर्ष काढला. विभागाच्या परिषदेची तारीख दोन महिने आधीच ठरलेली होती, भित्तिपत्रक छापून तयार होते. कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना तिला शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे पुस्तक मिळाले. त्या वर्षांत शाळेत मुलींसाठी चौथीपुढचा वर्गच नव्हता, आणि त्यांतल्या बऱ्याच मुलींनी दाखले घेऊन दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतला होता, असे शेऱ्याच्या रकान्यात स्पष्ट लिहिलेले होते. तिचा निष्कर्ष जवळजवळ उलटा झाला होता. तिने मला विचारले, आता काय करू? मी म्हणालो, आता छापले आहे तेच मांड, निबंधात दुरुस्ती कर. तिने छापलेलेच मांडले आणि तिला पारितोषिकही मिळाले. तो सल्ला दिल्याचा खेद मला अजून आहे. पण ती तारीख, ते छापलेले पत्रक आणि बोलावलेले पाहुणे हे सारे नसते, तर मी तो सल्ला दिला असता का, याचाही विचार मी पुष्कळदा केला आहे.

शिवाय वेळेचा प्रश्न आहेच. कार्यक्रमाच्या तयारीत जाणारे दोन आठवडे अभिलेखागारातून वजा होतात.

प्रतिसाद 2 (माजी विद्यार्थिनी)

वरील प्रसंग वाचून वाईट वाटले, पण माझा अनुभव नेमका उलटा आहे आणि तोही साधनचिकित्सेचाच आहे. मी एका जुन्या महापुरावर निबंध वाचला होता. माझे मुख्य साधन एक साप्ताहिक होते. त्यात ‘परवा रात्री पाणी चढले’ असे छापले होते. मी अंकाच्या तारखेपासून दोन दिवस मागे मोजून पुराची तारीख ठरवली आणि त्या तारखेवर मदतकार्याचा सारा कालक्रम उभा केला. प्रश्नोत्तरांत एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांनी आयुष्यभर छापखान्यात जुळारी म्हणून, म्हणजे छपाईचे खिळे जुळवण्याचे, काम केले होते. साप्ताहिकाचा आतल्या पानांचा मजकूर अंकाच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीच जुळवला जाई, त्यामुळे ‘परवा’ हा शब्द बातमी लिहिणाऱ्याचा परवा आहे, अंकावरच्या तारखेचा नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. माझ्या मार्गदर्शकांना हे सुचले नव्हते, परीक्षकांनाही सुचले नसते. खिळे हाताळलेल्या माणसालाच ते ठाऊक होते. बंद दाराआड राहिले असते, तर माझा कालक्रम आजही चुकीचाच असता.

प्रतिसाद 3 (मौखिक इतिहासाच्या अभ्यासक)

जुळारी गृहस्थांची दुरुस्ती मोलाची आहे, कारण ती छापील साधनाविषयी होती. पण आजकाल विद्यार्थ्यांचे निम्मे प्रकल्प मुलाखतींवर आधारलेले असतात, आणि तिथे हाच न्याय लावला तर नुकसान होते.

इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 17 मार्च 1949 रोजी, नाटो कराराच्या विरोधातील निदर्शनांच्या वेळी, पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेथील कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू 1953 सालच्या कामगारकपातीच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक खोडून टाकली नाही. हा मृत्यू एवढ्या क्षुल्लक प्रसंगी आणि काहीच उत्तर न देता घडून गेला हे कामगारांना सोसवत नव्हते, म्हणून त्यांच्या स्मृतीने त्याला मोठ्या लढ्यात जागा दिली, असे त्यांनी दाखवले. आता अशी मुलाखत एखादा विद्यार्थी भर सभेत वाचून दाखवतो आहे, आणि मागून कोणी तरी उठून ‘साल चुकले आहे’ म्हणतो, असे समजा. सभागृह मान डोलावेल, विद्यार्थी ओशाळेल आणि ज्याने विश्वासाने आठवण सांगितली, तो पहिल्या रांगेत बसून खोटा ठरेल.

दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने 2001 ते 2006 या काळात उत्तर आयर्लंडमधील संघर्षात सहभागी झालेल्यांच्या मुलाखती, त्यांच्या हयातीत त्या गुप्त राहतील असे सांगून, ध्वनिमुद्रित केल्या. 2011 साली पोलीस तपासासाठी त्या मागवण्यात आल्या आणि न्यायालयीन लढाईनंतर त्यांतल्या काही द्याव्या लागल्या. तिथे अनुभवी संशोधक होते, ग्रंथालय होते, वकील होते. तरीही दिलेला शब्द पाळता आला नाही. आपल्याकडे विशीतला विद्यार्थी एका कागदावर सही घेतो आणि त्या सहीच्या बळावर सभेत नाव, गाव, प्रसंग सारे सांगतो. मुलाखत द्यायला दिलेली संमती ही ती दोनशे लोकांसमोर वाचायला दिलेली संमती नव्हे. नाव बदलून भागत नाही, कारण श्रोते त्याच परिसरातले असले, तर दोन तपशिलांवरून माणूस ओळखला जातो. म्हणजे मूळ मतात ज्या श्रोत्यांचा आग्रह धरला आहे, तेच श्रोते इथे सर्वांत जास्त धोक्याचे ठरतात.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

संमतीचा मुद्दा मी पुरेशा गांभीर्याने घेतला नव्हता, हे मान्य करतो. ज्यांनी मुलाखती दिल्या, त्यांच्यासाठी आधी वेगळी, बंद बैठक व्हावी. आपले शब्द कसे वापरले आहेत हे त्यांनी ऐकावे. आणि जाहीर वाचनाच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांना काहीही काढून घेण्याचा लेखी हक्क असावा. त्यापायी एखादा निबंध वाचता आला नाही, तर तो कार्यक्रम रद्द व्हावा. तेर्नीच्या उदाहरणाविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. साल चुकल्याचे सभेत कोणी दाखवले, तर ते का चुकले असावे, हे सांगण्याची तयारी विद्यार्थ्याजवळ असली पाहिजे, आणि ही तयारी करून घेणे हेच मार्गदर्शकाचे काम आहे. ती तयारी नसेल तर निबंध वाचू नये, हे मला पटते.

निवृत्त अध्यापकांनी सांगितलेल्या प्रसंगातून मी मात्र निराळा अर्थ काढतो. दोष व्यासपीठाचा नसून तारखेचा होता. काम पूर्ण व्हायच्या आत तारीख ठरली आणि मग कामाने तारखेपुढे मान तुकवली. पाहुण्या वक्त्याच्या वेळापत्रकाची पद्धत आपण विद्यार्थ्यांच्या संशोधनाला जशीच्या तशी लावतो, हीच चूक आहे. निबंधाचा मसुदा मार्गदर्शकाच्या हाती आल्याशिवाय तारीख ठरवायची नाही, पारितोषिक ठेवायचे नाही आणि या वाचनाचा गुणांशी संबंध जोडायचा नाही, एवढे पाळले तरी बराच दबाव उतरेल.

रांके यांच्या बैठकांविषयी एवढेच म्हणतो की, त्या बैठकांत पदवी पाहून नव्हे, तर कागद पाहून बोलणे होत असे. वि. का. राजवाडे यांनी 1898 साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, तेव्हा त्यांच्यामागे कोणत्याही विद्यापीठाचे अध्यापकपद नव्हते. पानिपताच्या काळातली अस्सल पत्रे मात्र होती. ज्याच्या हाती कागद आहे, त्याला बोलू द्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

प्रतिसाद 1 चे लेखक पुन्हा

राजवाड्यांच्या उदाहरणाने माझे समाधान झालेले नाही. ते त्या वेळी चौतिशीच्या आसपास होते आणि तो खंड काही वर्षांच्या वाचनातून निघाला होता. विशीतल्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांत तो अधिकार येत नाही. वेळेचा माझा आक्षेपही कायम आहे. एका अध्यापकाकडे पंधरा-वीस प्रकल्प असतात; प्रत्येकासाठी बंद बैठक, मग तयारी, मग जाहीर वाचन, हे कोण करणार, याचे उत्तर वरच्या योजनेत नाही. निम्मे कार्यक्रम ही मागणी मला अवाजवी वाटते. वर्षाकाठी दोन निबंध, पण नीट तपासलेले, एवढे मला झेपण्यासारखे वाटते.

तारीख आधी ठरवू नये, हे मात्र मी मान्य करतो, आणि त्यात एक भर घालू इच्छितो. माझ्या विद्यार्थिनीने परिषदेनंतर निबंध पूर्ण नव्याने लिहिला. दाखल्यांचे पुस्तक मध्यभागी ठेवून लिहिलेला तो निबंध पहिल्यापेक्षा कितीतरी सरस होता. तो मी वाचला आणि परीक्षकांनी वाचला. सभागृहात बसून तिचा पहिला निष्कर्ष ऐकलेल्या शे-सव्वाशे लोकांपैकी एकाच्याही हाती तो पडला नाही, आणि त्या शाळेविषयी ते आजही तेच समजत असतील. म्हणून जो विभाग विद्यार्थ्याला सभेपुढे उभे करील, त्याने सहा महिन्यांनी त्याच श्रोत्यांना पुन्हा बोलवावे आणि दरम्यान काय बदलले, एवढेच त्या विद्यार्थ्याने सांगावे. त्या दुसऱ्या बैठकीचे नियोजन कोणी करणार असेल, तर मी निवृत्त असलो तरी त्यातले निबंध आधी वाचून देण्याचे काम आनंदाने पत्करीन.