मदत हवी आहे: केप्लर-४५२बीची त्रिज्या जुळत नाही

गणितात_अडकलो:
तीन दिवस डोकं फोडतोय. केप्लर-४५२बी हा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. त्याच्या अधिक्रमणात, म्हणजे तो ताऱ्यासमोरून जाताना, ताऱ्याचा प्रकाश ०.०२ टक्के कमी होतो. वर्गमूळ ०.०१४१, हे ग्रह आणि ताऱ्याच्या त्रिज्यांचं गुणोत्तर. म्हणजे ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या १.५४ पट. सगळीकडे मात्र १.६३ छापलंय. सूत्र दहा वेळा तपासलं, बरोबर आहे. उद्या संध्याकाळी या विषयावर बोलायचं आहे आणि चुकीचा आकडा सांगायचा नाहीये. जाणकारांनी लवकर सांगा.

ध्रुवमत्स्य:
ताऱ्याची त्रिज्या किती धरलीत?

शर्मिष्ठा_तारे:
अंतर कोणतं घेतलंत? पूर्वी १४०० प्रकाशवर्षं सांगायचे, गाया उपग्रहाच्या मोजणीनंतर १८०० च्या आसपास आलंय. गडबड तिथेच असणार.

ध्रुवमत्स्य:
शर्मिष्ठाताई, प्रकाशातली घट हे ग्रह आणि तारा या दोन तबकड्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर आहे. तारा १४०० वर असो की १८०० वर, गुणोत्तर तेच राहतं.

शर्मिष्ठा_तारे:
गुणोत्तर तेच, मान्य. पण ग्रहाची त्रिज्या हवी तर ताऱ्याची लागते, आणि ती कुठून आणणार? २०१५ मध्ये वर्णपट आणि ताऱ्यांची गणिती प्रतिमानं वापरून काढली होती. आता अंतर नीट कळल्यावर तेजस्वितेवरून पडताळता येते. म्हणून विचारलं.

हरहुन्नरी:
हिशेब केला. व्हॉयेजर-१ यान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर जातं. त्या वेगाने १८०० प्रकाशवर्षं कापायला तीन कोटी वर्षांहून जास्त लागतील. म्हणून जायचा विचार आत्ता तरी नको.

गणितात_अडकलो:
जायचं कुणाला आहे? मला त्रिज्या हवी आहे. अंतर मी कुठेच वापरलेलं नाही. आणि तारा सूर्यासारखाच आहे, तापमानानुसार त्याच जी-२ वर्गाचा, तेव्हा सूर्याचीच त्रिज्या घेतली.

ध्रुवमत्स्य:
सापडलं. वर्ग सारखा म्हणून आकार सारखा होत नाही. हा तारा सुमारे ६ अब्ज वर्षांचा आहे, सूर्याहून दीड अब्जाने वडील. हायड्रोजन जाळत जाळत असे तारे हळूहळू फुगतात आणि उजळतात. याची त्रिज्या सूर्याच्या १.११ पट आणि तेज सुमारे २० टक्के जास्त आहे. १.५४ ला १.११ ने गुणा.

गणितात_अडकलो:
१.७१ आलं. आधी कमी होतं, आता जास्त. हे काय?

कर्कवासी:
मी सांगतो, हा ग्रह सोडा. ५५ कॅन्क्री ई घ्या. ४१ प्रकाशवर्षांवर कर्क राशीतला तारा, अगदी काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. ग्रह १८ तासांच्या आतच एक फेरी पूर्ण करतो, वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८ पट, तेही प्रत्यक्ष मोजलेलं. ४५२बीचं वस्तुमान कुणी मोजलेलंच नाही. वस्तुमान कळतं ते ग्रहाच्या ओढीने तारा किती हेलकावतो त्यावरून, आणि हा तारा इतका अंधुक की त्याचं हेलकावणं पकडता येत नाही. छापतात ते '५ पट' फक्त अंदाज आहे. श्रोत्यांना आकाशात बोट दाखवता येईल असा तारा द्या!

मुक्तछंद:
कर्कवासी, तिथे दिवसाच्या बाजूला खडक वितळेल इतकी उष्णता आहे. ४५२बीची गोष्ट वेगळी: ३८५ दिवसांचं वर्ष, सूर्यासारखा तारा, वसतियोग्य पट्टा (जिथे पाणी द्रवरूप राहू शकतं). लोकांना त्याचं वेड आहे ते उगीच नाही. तिथे जीवसृष्टी असेल का, यावर कुणी लिहील का?

कर्कवासी:
वेड असू द्या, पण २०१८ मधला शोधनिबंधही वाचा. केप्लर अवकाश दुर्बिणीने याची चारच अधिक्रमणं पाहिली, तीही अतिशय क्षीण. इतक्या थोड्या संकेतात यंत्राचा गोंगाट कुठला आणि ग्रह कुठला हे छातीठोकपणे सांगता येत नाही, स्वतंत्र पडताळणी हवी, असं त्यात मांडलंय. मुळात ग्रह आहे का हाच प्रश्न आहे.

ध्रुवमत्स्य:
शंका रास्त आहे, त्यांनी भाषणात ती जरूर सांगावी. पण इथे प्रश्न गणिताचा आहे. @गणितात_अडकलो, ०.०२ टक्के तुम्ही आलेखात कुठे वाचलंत?

गणितात_अडकलो:
घट सगळ्यात जास्त आहे तिथे. आणखी कुठे वाचणार?

ध्रुवमत्स्य:
मग उरलेलं कारण हेच. ताऱ्याची तबकडी सगळीकडे सारखी उजळ नसते. मध्यभागी आपल्याला खोलचा, जास्त तापलेला थर दिसतो. कडेला नजर तिरकी जाते आणि वरचा थंड थर दिसतो. ग्रह मध्याजवळून जाताना उजळ भाग झाकतो, त्यामुळे घट क्षेत्रफळाच्या गुणोत्तरापेक्षा जास्त भरते. सूर्यासारख्या ताऱ्याला हा फरक सहज पंधरा-वीस टक्के होतो. वर्गमूळ घेण्याआधी तेवढी घट कमी करा.

गणितात_अडकलो:
अठरा टक्के धरले, म्हणजे घट १.१८ ने भागली. १.५७ आलं. अजून १.६३ नाही.

शर्मिष्ठा_तारे:
१.६३ च्या पुढचं वाचलंत का? +०.२३, −०.२०. म्हणजे १.४३ पासून १.८६ पर्यंत काहीही. तुमचं पहिलं १.५४ सुद्धा त्यातच होतं, फक्त चुकीच्या वाटेने आलेलं. ताऱ्याच्याच त्रिज्येत दहा-बारा टक्क्यांची अनिश्चितता आहे, ती ग्रहाच्या आकड्यात उतरणारच.

गणितात_अडकलो:
हे ± मी सोडूनच दिलं होतं! मनापासून आभार दोघांचे. ताऱ्याच्या वयामुळे ग्रहाचा आकडा बदलतो हे उद्या नक्की सांगणार. शेवटचं: अंतर १४०० लिहू की १८००?

शर्मिष्ठा_तारे:
१८००, आणि आधी 'सुमारे'.

हरहुन्नरी:
१४०० धरलं तर व्हॉयेजरला अडीच कोटी वर्षं पुरतील.