निर्जन प्रदेशाची ‘मोजणी’ की ‘सर्वेक्षण’?

प्रश्न : मनुष्यवस्ती नसलेल्या प्रदेशांच्या नकाशांविषयी लिहिताना मी ‘ओसाड प्रदेशाची मोजणी’ असा शब्दप्रयोग केला, तो वाचताना मलाच खटकतो आहे. योग्य शब्द कोणते?

उत्तर : आपल्याला खटकले ते रास्तच आहे. ‘ओसाड’ म्हटले की वस्ती होती आणि ती उठून गेली, असे मनात येते. वाडा ओसाड पडतो, गाव ओसाड पडते. जिथे माणूस कधी राहिलाच नाही, त्या घनदाट अरण्याला किंवा बर्फाच्या पठाराला हा शब्द शोभत नाही. महसुली दप्तरातला ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव, हा मला फार आवडणारा शब्द. पण बेचिराग गावालाही नाव असते, शीव असते, नसते ती फक्त वस्ती. तेव्हा ‘निर्जन’च घ्यावा. ‘दुर्गम’ हा त्याचा पर्याय नव्हे, कारण दुर्गम खोऱ्यांतही माणसे राहतात.

‘मोजणी’ हा शब्द मालकीशी जखडलेला आहे : तो उच्चारताच बांध, हद्दीचा दगड आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले खातेदार डोळ्यांपुढे येतात. निर्जन मुलखात हद्दीवरून भांडायला कोणी नसते. तिथे शोधायचा असतो तो जमिनीचा उंचसखलपणा, ओढ्यांची वळणे आणि खिंडी, आणि त्यासाठी ‘स्थलनिर्देशक सर्वेक्षण’ हाच नेमका शब्द आहे. अशा सर्वेक्षणातून तयार होणाऱ्या नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना जवळजवळ चिकटतात तिथे कडा समजावा, आणि जिथे विरळ होतात तिथे सपाटी.

पुरवणी : ‘मोजणे’ हे क्रियापद मात्र टाकू नये. भारतीय सर्वेक्षक नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये तिबेटमध्ये गुप्तपणे सर्वेक्षण केले, तेव्हा त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना ते एक मणी सरकवीत, म्हणजे माळेच्या एका फेऱ्यात दहा हजार पावले होत. उंची ते पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून काढीत, कारण जितके उंच जावे तितके पाणी कमी तापमानाला उकळते. येथे पावले मोजली, तापमान मोजले, पण मुलखाचे सर्वेक्षण केले, असेच म्हणावे लागेल.