ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो: दोन रेकॉर्डिंग्जमधला फरक ऐकायचा कुठे?

मंद्र:
मेंडेल्सन आणि ब्रुख या संगीतकारांचे व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना) मनसोक्त ऐकून झाले, आता ब्राम्सच्या कॉन्चेर्टोपाशी अडकलोय. हायफेट्झ-राइनर (१९५५) आणि ऑइस्त्राख-क्लेम्पेरर (१९६०) अशी दोन रेकॉर्डिंग्ज (आधी व्हायोलिनवादक, मग कंडक्टर) आलटून पालटून लावतो. पहिली मूव्हमेंट (रचनेचा पहिला भाग) हायफेट्झकडे १९ मिनिटांच्या आसपास संपते, ऑइस्त्राखकडे २२च्या पुढे जाते. वेग सोडला तर फरक नेमका कशात आहे, ते हाती लागत नाही. तुम्ही कसं ऐकता?

कानसेन:
अख्खा कॉन्चेर्टो लावून तुलना करायला जाऊ नका. चाळीस मिनिटांनंतर पहिल्याचं काहीच लक्षात राहत नाही. एकच जागा धरा आणि तेवढीच दोन्हीकडे ऐका.

माझी जागा सांगतो. पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटाकडे कॅडेन्झा येतो, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि व्हायोलिन एकटंच वाजतं तो तुकडा. ब्राम्सने तो स्वतः लिहिला नाही, व्हायोलिनवादक योआखिमवर सोपवला. १ जानेवारी १८७९ला लाइपझिगमध्ये हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला तोही योआखिमनेच. ऑइस्त्राख योआखिमचाच कॅडेन्झा घेतो, हायफेट्झ स्वतःचा वाजवतो. पण मला तुम्हाला न्यायचंय ते त्याच्या लगेच पुढे. कॅडेन्झा संपतो, ऑर्केस्ट्रा अगदी हलकेच परत येतो आणि व्हायोलिन वरच्या सप्तकात मूळ धून गाऊ लागतं. इतका वेळ एवढी झुंज झाली, आणि आता कुणालाच कुठे जायची घाई नाही!

ऑइस्त्राख इथे स्वर सोडतच नाही. एका स्वरातून दुसरा निघतो, गज कधी उलटला ते कळत नाही. खाली क्लेम्पेरर ऑर्केस्ट्राला अजिबात पुढे ढकलत नाही. हायफेट्झकडे तीच धून ताणलेली आहे, व्हायब्रेटो (स्वराचं कंपन) बारीक आणि जलद, शेवटाची ओढ आधीपासूनच लागलेली. त्याला कोरडा म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलेलं नाही. एवढ्या वेगात एकही स्वर न विस्कटणं आणि वाक्य तरीही पूर्ण करणं, याला मी तरी भावनाच म्हणतो.

जुनी_तबकडी:
कानसेन, जागा अचूक सांगितलीत. पण माइकचं काय? हायफेट्झच्या बऱ्याच रेकॉर्डिंग्जमध्ये व्हायोलिन अगदी कानाशी येतं आणि ऑर्केस्ट्रा मागे राहतो. वाजवणाऱ्याचा स्वभाव आणि रेकॉर्डिंगची करामत वेगळी काढल्याशिवाय निकाल देऊ नये.

मंद्र, थोडं मागेही जा. व्हायोलिनवादक क्राइस्लरने कंडक्टर लेओ ब्लेखबरोबर केलेलं याच कॉन्चेर्टोचं १९२७चं रेकॉर्डिंग ऐका. तिथे बोट तारेवरून सरकताना स्पष्ट ऐकू येतं, सरळ मींडच म्हणा. पुढच्या पिढ्यांनी ती बरीच कमी केली. कॅडेन्झाही क्राइस्लरचा स्वतःचा आहे. आणि व्हायोलिनवादक जिनेत नव्हूचं १९४६चं ब्राम्स चुकवू नका. १९४९च्या विमान अपघातात ती गेली तेव्हा फक्त तीस वर्षांची होती. आहेत तेवढी रेकॉर्डिंग्ज जपून ऐकावीत अशी. खरखर पहिली दोन मिनिटं जाणवते, मग कान सरावतो.

कानसेन:
माइकचा मुद्दा मान्य. तो तपासायला दुसरी मूव्हमेंट लावा. सुरुवातीची मोठी धून ओबोकडे (सनईसारखं फुंकवाद्य) आहे, एकल व्हायोलिनवादक तोवर नुसता उभा. सारासाते या व्हायोलिनवादकाने हा कॉन्चेर्टो याच कारणासाठी नाकारला असं सांगतात. आधी ओबो किती लांबून येतोय ते ऐका, मग व्हायोलिन आल्यावर ते किती जवळ आहे ते पाहा. दोघं एकाच खोलीत आहेत असं वाटलं, तर रेकॉर्डिंगवर भरवसा ठेवा.

आणि आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी करून घ्या. जे मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं, कान इथे हमखास फसतात.

मंद्र:
कॅडेन्झानंतरचा तुकडा दोन्हीकडे ऐकला. ऑइस्त्राखकडे मी आजवर फक्त व्हायोलिनच ऐकत होतो. या वेळी खालची हलत राहणारी साथ पहिल्यांदा कानावर आली, आणि वेग कमी का वाटत नाही ते कळलं. हायफेट्झकडे तीच साथ शोधावी लागली. आता नव्हू लावतो. चायकोव्हस्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोसाठीही अशी एखादी जागा आहे का?

जुनी_तबकडी:
आहे. तिथे कॅडेन्झा पहिल्या मूव्हमेंटच्या मध्यावरच येतो, मेंडेल्सनसारखा. व्हायोलिन शेवटच्या ट्रिलवर (शेजारच्या दोन स्वरांच्या जलद अदलाबदलीवर) थांबतं आणि बासरी धून उचलते. ती कशी उचलते ते ऐका. शेवटच्या मूव्हमेंटसाठी मात्र आधी एक बघून घ्या: व्हायोलिनवादक आउअरने सुचवलेली काटछाट घेतली आहे की पूर्ण वाजवलंय? हायफेट्झकडे काटछाट आहे, त्यामुळे तिथे मिनिटांची तुलना करण्यात अर्थ नाही.